नैसर्गिक दिसायला दोन तास लागतात

रील साधारण असं असतं. टेबलावर मळकट, ओलसर केसांचा एक गठ्ठा, त्यात कुठेतरी दोन काळे डोळे. ड्रायरचा कर्कश आवाज म्यूट करून त्यावर पियानो. कात्रीची चकचक, दोन-तीन झटपट कट, आणि तिसाव्या सेकंदाला तोच गठ्ठा कापसाचा गोळा होऊन मान तिरकी करतो. खाली कमेंट: 'ढग!', 'हा खरा आहे का?', 'आई, मला पण पाहिजे.' आपण लाल बदाम ठोकतो आणि अंगठा वर सरकतो.

मी अशी रील्स शेकड्यांनी बघितली आहेत आणि पुढेही बघणार आहे. पण एवढ्या वेळा बघितलेल्या गोष्टीची कधीतरी समीक्षा करायला हवी, सिनेमाची किंवा कादंबरीची करतो तशी. लहान कुरळ्या कुत्र्याचे केस कापण्याच्या कारागिरीला शैली आहेत, घराणी आहेत, छापील नियम आहेत, गुण देणारे पंच आहेत. कलेला लागतं ते सगळं आहे, फक्त समीक्षक नाहीत. जे बोलतात ते एकतर 'किती गोड' म्हणतात किंवा 'श्रीमंतांचे चोचले' म्हणतात, आणि दोघंही कुत्र्याकडे नीट बघत नाहीत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पूडलचा तो जगप्रसिद्ध गोंडेदार कट, ज्याला सगळे हसतात, तो प्रामाणिक आहे. ज्याला आपण निरागस आणि नैसर्गिक समजतो तो गोल कट मात्र थाप मारतो.

आधी बिशाँ फ्रिझे घेऊ. रीलमधला पांढराशुभ्र ढग बहुतेक वेळा हाच असतो. नावातला 'फ्रिझे' म्हणजे कुरळा. 'बिशाँ' हा शब्द 'बार्बिशाँ'चा तुकडा मानतात, दाढीवाल्या पाणकुत्र्यांच्या कुळातला. फ्रेंचमध्ये या कुत्र्यावरून एक क्रियापदही आहे, 'बिशॉने': नटवणं, लाड करत सजवणं. कुत्र्याच्या नावाचं क्रियापद होणं हा मोठा मान आहे. आपल्याकडे कुत्र्याच्या वाट्याला म्हणी आल्या, त्याही बहुतेक शेपटाविषयीच्या.

या जातीचं पहिलं अधिकृत वर्णन फ्रान्समध्ये १९३३ साली लिहिलं गेलं. आज युरोपात चालणारं एफसीआयचं वर्णन त्याच परंपरेतलं आहे. त्यात केसांबद्दल जे म्हटलंय त्याचा मथितार्थ असा: बारीक, रेशमी केस, सैल मळसूत्रासारख्या कुरळ्या बटा, लांबी ७ ते १० सेंटिमीटर. आणि कापण्याबद्दल? प्रदर्शनात आणताना पाय आणि तोंडाभोवतीचे केस थोडे नीटनेटके केले तरी चालेल, एवढंच. बाकी कात्री बाजूला ठेवा.

आता हे वर्णन डोळ्यांपुढे ठेवून रीलमधला ढग पुन्हा बघा. मळसूत्री बटा कुठे आहेत?

त्या समुद्र ओलांडताना गेल्या. १९५६ मध्ये एक फ्रेंच जोडपं आपले बिशाँ घेऊन अमेरिकेत स्थायिक झालं, तिथे हळूहळू जात वाढली आणि १९७२ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने तिला पूर्ण मान्यता दिली. या दरम्यान कुत्र्याचा आकार बदलला. कुत्रा तोच, त्याची बाह्यरेषा वेगळी. अमेरिकन नियमावलीत केस अंगापासून उभे राहतात, पावडरच्या पफसारखे दिसतात. कात्री फिरवायची ती शरीराची नैसर्गिक रेषा दिसावी म्हणून. कुठल्याही बाजूनं बघितलं तरी गोलाई हवी, चौकोनीपणा नको, आणि फार कापल्यासारखं तर मुळीच वाटायला नको.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचतो, कारण त्यात सगळी गोम आहे. इतकं कापा की कापलंय असं वाटू नये.

हे साधायचं कसं, तर आधी अंघोळ. मग ड्रायर आणि बारीक तारांचा ब्रश एकाच वेळी: गरम हवेचा झोत जिथे पडतो तिथेच ब्रश फिरवायचा आणि ओला केस सुकता सुकता ताणून सरळ करायचा. कुत्रा नुसता वाऱ्यावर सुकवला तर बटा परत येतात, आणि बटांवर कात्रीनं सलग रेषा काढता येत नाही. म्हणजे गोळा हवा असेल तर पहिलं काम कुरळेपणा घालवणं. ज्या गुणावरून जातीला नाव पडलं तो गुण टेबलावर चढताच आधी खोडला जातो. मग स्टीलच्या फणीनं केस वर उचलायचे, कात्रीनं टोकं घ्यायची, परत उचलायचे, परत घ्यायची. पंजे गोल, पाय सरळ खांब, पाठ सपाट. डोळ्यांसमोरचे केस खोलात कापून सावली पाडायची, म्हणजे डोळे मोठे दिसतात. शेवटी डोकं: कान, गाल, टाळू, हनुवटी सगळं एका गोलात. त्यासाठी वाकडी कात्री असते, तिची वळणाची बाजू बाहेर ठेवून फिरवली की कड आपोआप वळते. चांगला हात असेल तर हे सगळं दोनेक तासांत होतं. बिनपाण्यानं हजामत हा वाक्प्रचार इथे कामाचा नाही. इथे नव्वद टक्के कसब पाणी आणि वाऱ्याचं आहे, कात्री शेवटी येते.

कारागिरी म्हणून हे थोर आहे, याबद्दल वाद नाही. केस ही वाईट माती आहे. ती दबते, उडते, श्वास घेते, मध्येच अंग झाडते. त्यातून सलग गोलाई काढणं हे कुंभाराच्या चाकाइतकंच हाताच्या स्मृतीचं काम आहे. न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर प्रदर्शनात २००१ आणि २०१८ अशी दोन वर्षं बिशाँ सर्वोत्तम कुत्रा ठरला. त्याची छायाचित्रं बघितलीत तर लक्षात येईल की पंचांसमोर कुत्र्याइतकीच ती बाह्यरेषाही धावत असते.

आता पूडल. छातीवर आयाळ, मागचा अर्धा भाग सफाचट, घोट्यांवर गोंडे, शेपटीच्या टोकाला गोंडा, वाटलं तर कमरेवर दोन गोळे. याला कॉन्टिनेन्टल क्लिप म्हणतात. अमेरिकन प्रदर्शनात वर्षावरच्या पूडलला नेहमीच्या स्पर्धेत हा किंवा याचा इंग्लिश सॅडल नावाचा भाऊ, एवढेच दोन पर्याय. मग तो कुत्रा गुडघ्याएवढा असो की टॉय, म्हणजे खांद्याशी १० इंचांच्या आतला.

या कटाची कूळकथा तुम्ही ऐकली असेल. पूडल हा मुळात पाण्यात उडी मारून पाडलेली बदकं आणणारा शिकारी कुत्रा. जर्मन 'पुडेल'मध्ये पाण्याचा छपछपाट आहे, फ्रेंच 'कानिश'मध्ये बदक. पोहायला हलकं व्हावं म्हणून मागचे केस काढले आणि थंड पाण्यात छाती व सांधे ऊबदार राहावेत म्हणून तिथले ठेवले. ही कथा मला थोडी जास्तच व्यवस्थित वाटते. घोट्यांचं समजलं, शेपटीच्या गोंड्यानं नेमकी कशाची थंडी वाजायची थांबते? काही जण म्हणतात तो पाण्यात निशाणासारखा दिसतो. असेलही. पण एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये सीन नदीच्या पुलांजवळ कुत्रे भादरणारे बसायचे आणि लोक रस्त्यावर कुत्र्याची हजामत करून घ्यायचे, तेव्हा त्या कुत्र्यांतले किती बदकांमागे जाणार होते? उपयोगातून आलेला आकार उपयोग संपल्यावर अलंकार झाला. आपल्याकडे कोटाच्या बाहीवरची बटणं अशीच आहेत, ती कुणी लावत नाही.

आणि इथेच पूडल मला आवडायला लागतो. त्याच्याकडे बघून कुणीही फसत नाही. हा असाच जन्माला आला असं दोन वर्षांचं मूलही म्हणणार नाही. माणसाचा हात, माणसाचा अहंकार, माणसाची हौस, सगळं अंगावर उघड लिहिलेलं आहे. शिवाय तोंड आणि पंजे स्वच्छ भादरलेले असतात, त्यामुळे कुत्र्याचं खरं हाडकुळं, लांब, हुशार तोंड दिसतं. एवढ्या नटव्या कटात चेहरा मात्र उघडा ठेवलाय, हे कुणी फारसं लक्षात घेत नाही.

पण बदनामी त्याच्याच वाट्याला आली. गटेच्या 'फाउस्ट'मध्ये सैतान पहिल्यांदा घरात शिरतो तो काळ्या पूडलच्या रूपात, आणि मूळ गोम काय हे सांगायला जर्मन माणूस आजही पूडलचंच नाव घेतो. इराक युद्धाच्या वेळी टोनी ब्लेअर यांना त्यांचे टीकाकार बुशचा पूडल म्हणायचे. हांजी हांजी करणारा, नटवा, आतून भलताच. बिशाँवरून कुणाला अशी शिवी दिलेली मी तरी ऐकलेली नाही. ढगावर कोण संशय घेणार?

मध्येच एक चित्र. गोयानं १७९५ मध्ये आल्बाच्या डचेसचं पूर्णाकृती चित्र काढलं, जे आज माद्रिदच्या लिरिया राजवाड्यात आहे. पांढरा झगा, कमरेला लाल पट्टा, छातीवर लाल फीत, केसांत लाल फीत. पायाशी एक इवलासा पांढरा कुत्रा, आणि त्याच्याही मागच्या पायाला लाल फीत. बिशाँवाले लोक हे चित्र आपल्या जातीचं कुळपत्र म्हणून दाखवतात. मला त्यात वेगळं दिसतं. डचेसचे स्वतःचे काळे कुरळे केस मोकळे, भरघोस, कुणीही गोलात न बसवलेले. कुत्र्याचे पांढरे केसही तसेच विस्कटलेले. त्याला पोशाखाचा भाग केलंय हे खरं, पण ते त्याच्यावर काहीतरी बांधून. त्याचं शरीर कोरून नाही. फीत सोडली की कुत्रा परत कुत्रा. गोया कुत्र्यांचा किती विचार करत होता माहीत नाही, पण त्या एका लाल फितीत सजावट आणि शिल्प यांतला फरक सापडतो.

आता आपल्या फोनमधला खरा नायक: टेडी बेअर कट. हा टॉय पूडलवर करतात. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानमध्ये त्याची लाट आली, टॉय पूडल तिथला लाडका कुत्रा झाला, आणि मग कोरिया, चीन करत रीलच्या रस्त्यानं तो आपल्याकडे आला. पुण्या-मुंबईच्या सलोनमध्ये आता शि-त्झूलाही 'टेडी करा' म्हणतात.

या कटात काय होतं ते बघा. पूडलचं तोंड लांब आणि निमुळतं. कट त्यावर केस ठेवतो आणि त्यांचा आखूड गोल चेंडू करतो. कान लांब, ते आखूड कापून गालांत मिसळतो. कपाळ फुगवून वर नेतो, त्यामुळे डोळे चेहऱ्यात खाली सरकल्यासारखे वाटतात. मोठं कपाळ, खाली आलेले मोठे डोळे, फुगीर गाल, छोटं नाक: प्राणिवर्तनाचा अभ्यासक कोनराड लोरेन्झ यानं १९४३ मध्ये नेमकी हीच यादी दिली होती. बाळाच्या चेहऱ्यातल्या ज्या खुणा बघून मोठ्यांच्या मनात जपण्याची ऊर्मी उठते, त्या या. म्हणजे सलोनमधला मुलगा, लोरेन्झचं नावही न ऐकता, कात्रीनं ती यादी कुत्र्याच्या तोंडावर उतरवतो. पाच वर्षांच्या प्रौढ शिकारी कुत्र्याचं कायमचं बाळ होतं.

बरं, बाळ तरी कशाचं? टेडी बेअरचं. ते खेळणं आलं १९०२ नंतर. शिकारीला गेलेल्या थिओडोर रूझवेल्ट यांनी बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला, त्यावर वॉशिंग्टन पोस्टमध्ये व्यंगचित्र आलं, आणि व्यंगचित्रावरून खेळणं निघालं. तर जिवंत कुत्रा खेळण्यासारखा कापायचा, ते खेळणं एका व्यंगचित्रातल्या अस्वलासारखं, आणि ते अस्वलही व्यंगचित्रकारानं गोंडस केलेलं. या साखळीत खरा प्राणी दोनच ठिकाणी आहे, दोन्ही टोकांना, आणि दोन्हीकडे तो बांधलेला आहे. (ग्रूमिंग टेबलावर गळ्यात फास अडकवतात, पडू नये म्हणून. रीलमध्ये तो बहुतेक वेळा फ्रेमच्या वर कापलेला असतो.)

तुम्ही म्हणाल, मग रंगवलेल्या कुत्र्यांचं काय? अमेरिकेत क्रिएटिव्ह ग्रूमिंगच्या स्पर्धा होतात, पूडलच्या अंगावर रंगांत अख्खी दृश्यं कोरतात. रिबेका स्टर्नचा 'वेल ग्रूम्ड' हा २०१९ चा माहितीपट या स्पर्धक बायकांवर आहे. तो जरूर बघा, कारण तो त्यांची थट्टा करत नाही. त्यांची चिकाटी, स्पर्धेआधीची रात्र, हे सगळं मायेनं टिपलंय. मला त्याची तक्रार एकच आहे: कॅमेरा कुत्र्याच्या अंगावरच्या चित्राकडे इतका रमतो की चित्राखालच्या जीवाला त्या टेबलावर तासन् तास उभं राहून काय वाटत असेल हे विचारायला त्याला सवड मिळत नाही. पण तिथेही थाप नाही. जांभळा कुत्रा स्वतःला नैसर्गिक म्हणवत नाही.

थाप म्हटलं की मी नैतिक आव आणतोय असं वाटेल. तसं नाही, सगळीच कला थापेबाज असते. प्रश्न हा की या थापेची किंमत कोण भरतं. आणि इथे जरा केसांच्या आत शिरावं लागेल.

आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्याचे केस गळतात, सोफ्यावर दिसतात, आपण वैतागतो. पूडल आणि बिशाँचे केस माणसासारखे वाढत राहतात, आणि जे सुटतात ते जमिनीवर पडण्याऐवजी बटेत अडकतात. म्हणून 'याचे केस गळत नाहीत' असं विकणारा सांगतो ते अर्धसत्य आहे. अडकलेला केस शेजारच्याला गुंडाळतो, त्याची गाठ होते, गाठींची जट. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, जांघेत, म्हणजे जिथे जिथे घासतं तिथे. आणि न विंचरता पाणी घातलं की संपलंच. लोकरीला ओल आणि रगड मिळाली की तिचा नमदा होतो हे आपल्याकडच्या धनगरांना सांगायला नको. तेच इथे होतं, फक्त मेंढी वर्षातून दोनदा कातरली जाते आणि हा नमदा कुत्र्याच्या जिवंत कातडीला चिकटलेला असतो. प्रत्येक पावलाला ती कातडी ओढली जाते. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत खाली ओल राहिली की पुरळ, वास, खाज.

आणि वरून? वरून कुत्रा ढगच दिसू शकतो. ब्रश नुसता वरच्या थरावरून फिरवला तर पृष्ठभाग मस्त फुलतो. खालचा नमदा फोटोत येत नाही. गोल कट टिकवायला रोज, थर उचलून, मुळापासून टोकापर्यंत विंचरणं लागतं, आणि दर चार ते सहा आठवड्यांनी टेबल. रील हे सांगत नाही. ती आधी आणि नंतर दाखवते, मधले तीस दिवस दाखवत नाही. पूडलचा गोंडेदार कट निदान अर्धं अंग उघडं ठेवतो. गोल कटात लपायला जागाच जागा.

गेल्या पावसाळ्यात कोथरूडमध्ये एका मित्राच्या आईबरोबर सलोनला गेलो होतो. लाडू नावाचा जर्दाळू रंगाचा टॉय पूडल. काकूंनी फोनवर फोटो काढून ठेवला होता, सोलमधल्या कुठल्यातरी कुत्र्याचा. तिथल्या मुलानं फोटो बघितला, काही बोलला नाही. स्टीलची फणी घेतली आणि लाडूच्या कानामागे घातली. ती अर्ध्यावर थांबली.

"काकू, टेडी नाही व्हायचा याचा. बोट घालून बघा."

"अरे पण रोज विंचरते मी."

"वरून विंचरता. आत फणी जात नाहीये. सोडवायला गेलो तर तीन तास रडवीन त्याला, तरी सगळं नाही सुटणार. काढू या?"

'काढू या' म्हणजे मशीन. १० नंबरचं ब्लेड, मागे जेमतेम दीड मिलिमीटर केस. काकूंचा चेहरा पडला. मला मात्र त्या फणीत समीक्षेचं हत्यार दिसलं. ती पृष्ठभागाला भुलत नाही. मुळात टेकवायची आणि बाहेर ओढायची: जाते किंवा अडकते. पुढच्या वेळी ढगाचं रील बघाल तेव्हा शोधा, कुणी फणी कातडीपर्यंत घालून दाखवतं का. काही ग्रूमर दाखवतात. त्यांच्या रील्सना बदाम कमी असतात.

या सफाचट कटाला इंग्रजीत समर कट वगैरे सोज्वळ नावं आहेत, मराठीत सरळ भादरणं. आपल्या भाषेत हा शब्द अपमानाचा आहे, आणि मालकांनाही तो तसाच लागतो. मुलाचे केस कुणीतरी न विचारता कापल्यासारखा. पण कुरळ्या जातींच्या बाबतीत हा कट मला सगळ्यांत कमी लेखला गेलेला वाटतो. (फक्त कुरळ्या. पॉम किंवा हस्कीसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्याला हौसेनं भादरू नका, तो केस परत नीट येईलच असं नाही.) त्यात शैली नाही, गोलाई नाही, लोरेन्झची यादी नाही. जे शरीर आहे ते दिसतं. त्यावर कुणी रील करत नाही, केलं तर खाली लोक हसण्याचे इमोजी टाकतात.

दीड तासानं लाडू बाहेर आला. मान एवढीशी, पाय काड्या, कान अचानक केवढे मोठे. काखेत लाल चट्टे होते, ते आता दिसत होते, आणि मुलानं त्यावर लावायला काहीतरी डॉक्टरांना विचारून घ्या म्हणून सांगितलं. काकू म्हणाल्या, "अगं बाई, उंदीर केलाय याचा."

लाडूनं अंग झाडलं, नाकापासून शेपटीपर्यंत. मग दाराबाहेर पावसात उभ्या असलेल्या एका गावठी कुत्र्याकडे बघून भुंकला आणि दोरी ओढत निघाला. काकूंनी त्या दिवशी एकही फोटो काढला नाही.